इसाबेलाच्या लग्नाचा ठराव

जी भाषा आपल्याला कळत नाही, त्या भाषेतलं प्रेम माणसाला चटकन पटतं. या तत्त्वाला अजून कोणत्याही विद्यापीठानं मान्यता दिलेली नाही. पण कतारमध्ये, दोह्यातल्या मदिनत खलीफा या वस्तीत ते दर शुक्रवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, प्रयोगानं सिद्ध होत आलं आहे. प्रयोगशाळा म्हणजे संजीवच्या व्हिलाचा हॉल. उपकरणं म्हणजे एक भिंतभर टीव्ही, दोन सोफे, गालिच्यावर टाकलेल्या उशा आणि एक एसी. (एसीचा रिमोट त्याच्या बायकोच्या, मालविकावहिनींच्या, ताब्यात असतो. तो कोणी मागू नये असा संकेत आहे.)

प्रयोगाचा विषय एक स्पॅनिश मालिका. आठवडाभराचे सगळे भाग शुक्रवारी दुपारी एका अरबी चॅनलवर ओळीनं लागतात. मालिकेच्या नावात पाच शब्द आहेत. त्यांतल्या 'आमोर' या शब्दाचा अर्थ प्रेम, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीचे चार शब्द त्याच्याच जिवावर चालतात. आम्ही तिला नुसतं 'इसाबेला' म्हणतो, कारण नायिकेला सगळे त्याच नावानं हाका मारतात आणि प्रत्येक हाकेला ती रडते. संवाद स्पॅनिशमध्ये, खाली अक्षरं अरबीत. आम्हा सभासदांना या दोन्ही भाषा येत नाहीत. हिंदीत डब केलेल्या मालिका शेजारच्याच चॅनलवर मिळतात हे आम्हाला माहीत आहे. त्या पाहून झाल्या. त्यांत काय चाललंय ते लगेच कळतं, आणि मग चर्चेला काही उरत नाही.

चर्चा मात्र शिस्तीत व्हायला हवी, असं संजीवचं म्हणणं पडलं. संजीव नाशिकचा, गॅसच्या प्रकल्पावर पाइपिंगचा इंजिनियर. लेखी कार्यपद्धतीशिवाय तो घरातला बल्बही बदलत नाही. त्यानं मंडळ स्थापन केलं, कोरम ठरवला, आणि शेजारी राहतो म्हणून मला, म्हणजे नंदूला, चिटणीस नेमलं. (नेमणूक झाली तेव्हा मी चहा आणायला उठलो होतो.)

मंडळात भाषेची दोन खाती आहेत. अरबी खातं माझ्या बायकोकडे, अनुजाकडे. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून ती अरबी अक्षरं शिकली. अडचण एवढीच की पाटी जागेवर थांबते आणि पडद्यावरची ओळ थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक वाक्यातला पहिला शब्द तिला लागतो आणि तेवढ्यात वाक्य निघून जातं. "पण," असं ती जाहीर करते. "तो म्हणतोय, पण." यावरून मालिकेत मतभेद फार आहेत, एवढं निश्चित झालं.

स्पॅनिश खातं टोनीकडे. टोनी मूळचा वसईचा, अल रय्यानमधल्या एका ऑफिसात ॲडमिन बघतो. त्याची बायको लिझी नर्स आहे. टोनीचं आडनाव पोर्तुगीज, आणि पोर्तुगाल स्पेनला चिकटून, हे संजीवनं पहिल्याच शुक्रवारी फोनवर नकाशा उघडून सिद्ध केलं.

"नाशिकच्या माणसाला गुजराती कळते की नाही? तसंच हे," संजीव म्हणाला.

"अरे बाबा, आमच्याकडे आजोबांपासून सगळे मराठीच बोलतात," टोनी म्हणाला. "चर्चमधली मिस्सासुद्धा मराठीत असते."

हा विनय आहे असं समजून टोनीची बिनविरोध निवड झाली. पहिले काही शुक्रवार तो गप्प बसला. मग सगळ्यांच्या आशाळभूत नजरा पाहून त्याला हळूहळू स्पॅनिश येऊ लागली.

राहता राहिले आबासाहेब, संजीवचे वडील. ते मुलाकडे राहायला आलेले आहेत आणि त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही. हयात निफाडकडे शेतीत गेली. त्यांच्या मते ही मालिका बांधाच्या भांडणाची आहे. वयाचा मान ठेवून मंडळानं हे मत नोंदवलं आणि सोडून दिलं.

टोनीच्या भाषांतरावरून कथा उभी राहिली ती अशी. डॉन एर्नेस्तो नावाचा मोठ्या मिशांचा जमीनदार. त्याची एकुलती एक मुलगी इसाबेला. तिच्यासमोर दोन तरुण. आता इथे दुसऱ्या एखाद्या समाजानं 'पाहू या काय होतं ते' म्हणून चिवडा खाल्ला असता. आम्ही स्थळं पाहायला घेतली.

स्थळ पहिलं, रॉड्रिगो. स्वतःचं घर, घरासमोर कारंजं. बूट स्वच्छ. मात्र खिडकीशी उभा राहून एकटाच हसतो. (लक्षण बरं नाही. अनुजाच्या चुलतमामेसासऱ्यांना ही सवय होती आणि पुढे त्यांनी घर विकलं.) आई हयात, कायम काळे कपडे घालते आणि जिन्यावरच भेटते.

स्थळ दुसरं, मातेओ. घोड्यांचा डॉक्टर, असं टोनी म्हणाला, कारण तो सदैव घोड्याशेजारी हातात पिशवी घेऊन उभा असतो. वडील नाहीत. राहणार नदीपलीकडे. तिकडच्या लोकांचं देऊळ वेगळं, जेवणखाण वेगळं, देवाचं नाव घ्यायची रीत वेगळी. जमेची बाजू: म्हाताऱ्या माणसांशी बोलताना खाली वाकतो, आणि गालाला खळी पडते.

पत्रिकेचा प्रश्न मालविकावहिनींनी सोडवला. त्या पुण्याच्या. इसाबेलाचा जन्म एकदा आठवणीत दाखवला होता आणि त्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं. वहिनींनी वेळ टिपली, साल नायिकेच्या वयावरून धरलं, गाव अंदाजानं माद्रिद लावलं आणि पुण्यातल्या मावसबहिणीकडून पत्रिका करून घेतली. मंगळ निघाला, तोही कडक. मातेओची पत्रिका जुळवावी तर त्याचा जन्म अजून दाखवलेला नव्हता. शेवटी वहिनींनीच तोडगा काढला. "इतकी चांगली माणसं आहेत, पत्रिकेचं काय घेऊन बसायचं," त्या म्हणाल्या, आणि मंडळानं टाळ्या वाजवल्या.

याच घरात तेव्हा आणखी एक स्थळसंशोधन चालू होतं, आणि त्याला टाळ्या मिळत नव्हत्या. संजीव आणि मालविकावहिनींची मुलगी नुपूर सत्तावीस वर्षांची. इंटीरियर डिझाइनच्या ऑफिसात नोकरी करते. पुण्याहून आणि नाशिकहून तिला मुलांचे फोटो येत. ती प्रत्येकाकडे नीट पाही आणि प्रत्येकाच्या मागचा सोफा चुकीच्या जागी आहे असं सांगून फोन परत देई. मालिका चालू असताना ती आमच्यात बसत नसे. जिन्याच्या खालच्या पायरीवर कानात इयरफोन घालून काहीतरी पुटपुटत असे. ऑफिसचा कॉल असावा असं आम्ही धरून चाललो.

टोनीचा मुलगा गॅव्हिनही याच सुमारास येऊ लागला. तो वाळवंटापलीकडे, दुखानला, तेलाच्या कंपनीत इंजिनियर आहे आणि तिथल्याच वसाहतीत राहतो. दर शुक्रवारी तो तिथून गाडी हाकत येई, आईवडिलांना संजीवकडे पोचवी आणि दाराशी, चपलांच्या स्टँडजवळच्या स्टुलावर बसून राही. (टोनीकडे स्वतःची गाडी आणि लायसन दोन्ही आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या स्टुलावरून जिन्याची खालची पायरी समोर दिसते, हेही नाही.)

आणि योगायोग असा की त्याच वेळेपासून स्पॅनिश मालिकेनं वेग घेतला. मातेओची आई इस्पितळात काम करते आणि रात्रपाळी करूनही कधी चिडत नाही, असं एका संवादातून निष्पन्न झालं. मातेओ वाळवंटातून, म्हणजे माळावरून, फार लांबून येतो. त्याला पुरणपोळी आवडते, असंही टोनीनं एकदा भाषांतर केलं. कोणी हरकत घेतली नाही. उलट मालविकावहिनींचे डोळे भरून आले. "बघा, कुठला कोण मुलगा," त्या म्हणाल्या, "आणि चव कशी आपल्यासारखी!"

मग तो शुक्रवार आला. डॉन एर्नेस्तोनं मातेओला घोड्यावरून हाकलून दिलं आणि इसाबेलाला वरच्या खोलीत कोंडलं. हॉलमध्ये संताप उसळला. संजीव तर उठून टीव्हीसमोर उभा राहिला.

"हा काय बाप आहे?" तो म्हणाला. "पोरगी एकुलती एक. तिला पसंत आहे, मुलगा सालस आहे. मध्ये नदी आहे तर पूल बांधा! नंदू, लिहून घे."

मी लिहून घेतलं. 'प्रेम करणाऱ्या मुलीच्या आड येणाऱ्या बापाचा हे मंडळ तीव्र निषेध करते. जात, धर्म, नदी आदी कारणे हे मंडळ क्षुल्लक समजते.' सूचक, संजीव. अनुमोदक, मालविकावहिनी. ठराव एकमतानं मंजूर. आबासाहेबांनीही हात वर केला, पण त्यांना पाणी हवं होतं असं नंतर कळलं.

तेव्हा नुपूर पायरीवरून उठली आणि कानातले इयरफोन काढून पुढे आली.

"बाबा, हे रिझोल्यूशन मला अप्लाय होतं का?"

"म्हणजे?"

"मी आणि गॅव्हिन. आम्हाला लग्न करायचंय."

टीव्हीवर इसाबेला दार बडवत होती. मालविकावहिनींनी एसी सोळावर नेला. चपलांच्या स्टँडपाशी गॅव्हिन उभा राहिला आणि उभं राहिल्यावर पुढे काय करायचं हे न सुचल्यामुळे तसाच राहिला.

"चहा कोणाकोणाला?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणालात तर पळून जाणार नाही मी," नुपूर म्हणाली. "पण दुसऱ्या कोणाशीही करणार नाही. आणि तुम्ही दोघं नसाल तर त्याच्याशीही नाही. तुम्ही असायला हवे आहात मला. बस, एवढंच आहे."

संस्थेचं खरं मोठेपण अशा प्रसंगी दिसतं. सामान्य घरात इथे आदळआपट झाली असती. आमच्या मंडळात उपसूचना आल्या. संजीवनं खाली बसून, घसा साफ करून, तीन मांडल्या.

अ) ठरावातला 'बाप' म्हणजे मिशा आणि घोडे असलेला बाप. इतरांना तो शब्द लागू करता येणार नाही.

आ) पूल बांधण्याची तरतूद नदी असलेल्या प्रदेशापुरती आहे. कतारमध्ये नदी नाही.

इ) मातेओची माणसं आपल्या ओळखीची नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. गॅव्हिनची माणसं चांगली ओळखीची आहेत. सबब, सखोल विचार करावा लागेल.

मी या तिन्ही लिहून घेतल्या. चिटणीसाला मत नसतं. पण खरं सांगायचं तर तिसरी लिहिताना मी नुपूरकडे पाहिलं नाही.

मग टोनी उठला. "इतके दिवस मी तुझ्या सोफ्यावर बसून मातेओच्या आईबद्दल बोललो, संजीव," तो म्हणाला. "किती गुणाची बाई, असं तूच म्हणालास. ती लिझी होती रे." लिझीनं त्याच्या दंडाला धरलं. "चल टोनी. खलास," ती म्हणाली. तिघंही निघून गेली. गॅव्हिननं जाताना आबासाहेबांची उलटी पडलेली चप्पल सुलटी करून ठेवली.

त्यानंतरचे काही शुक्रवार मंडळाच्या इतिहासात काळे समजावेत. कोरम भरत नसे. भाषांतराअभावी इसाबेलाला काय झालं ते कळत नव्हतं. अनुजाचं 'पण' तेवढं चालू होतं. नुपूर ऑफिसातून येई, जेवे, भांडं विसळून ठेवी आणि वर जाई. बापाशी बोलत होती, पण हवामान खात्यासारखं. संजीव सुकला. एरवी मीठ कमी पडलं तरी बोलणारा माणूस, अळणी आमटी मुकाट्यानं जेवू लागला.

एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "नंदू, मला तसं काही वाईट वाटत नाहीये त्या पोराबद्दल," तो म्हणाला. "फक्त आमच्यात हे पूर्वी कोणी केलेलं नाही. काहीतरी पूर्वीचं उदाहरण पाहिजे ना? कोणाचं बघून करू?"

त्याच्या प्रकल्पावर आधीच्या कामाचा नमुना पाहिल्याशिवाय नवा व्हॉल्व्हही बसवत नाहीत. अशा माणसाला नुसतं 'मनाला विचार' म्हणून चालत नाही. मी म्हटलं, येत्या शुक्रवारी मालिकेचा शेवटचा भाग आहे, चॅनलवर जाहिरात चालू आहे. डॉन एर्नेस्तो काय करतो ते बघ. संजीवनं तिथूनच टोनीला फोन लावला.

"शेवटचा एपिसोड आहे," तो फोनवर म्हणाला. "लिझीला घेऊन ये. त्यालाही आण. यल्ला, ये रे."

शुक्रवारी सगळे आले. टोनी सोफ्याच्या टोकाला बसला आणि त्यानं सुरुवातीलाच स्पष्ट केलं, "मी बघीन. भाषांतर करणार नाही. माझ्या घरचा मामला आहे. उद्या म्हणशील टोनीनं फिरवलं." हे अर्थातच नियमाला धरून होतं. गॅव्हिन त्याच्या स्टुलावर, नुपूर तिच्या पायरीवर. मधल्या जमिनीवर आम्ही.

चर्चमध्ये लग्न लागत होतं. इसाबेला पांढऱ्या झग्यात, मातेओ काळ्या कोटात, आणि हातात ती पिशवी होतीच. धर्मगुरूंनी पुस्तक उघडलं. इतक्यात दार धाडकन उघडलं आणि डॉन एर्नेस्तो आत आला. तो मधल्या वाटेनं चालत पुढे आला, थांबला, आणि बोलू लागला. फार वेळ बोलला. मिशा थरथरत होत्या, डोळ्यांत पाणी होतं.

"काय म्हणतोय?" मालविकावहिनी म्हणाल्या.

"मुली," अनुजा म्हणाली. तोवर ओळ गेली.

वहिनींनी टोनीकडे पाहिलं. टोनीनं छताकडे पाहिलं.

"मला कळतंय," संजीव म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. संजीवचे डोळे पडद्यावर होते. तो हळूहळू, अडखळत बोलू लागला, आणि त्याचे ओठ डॉन एर्नेस्तोच्या ओठांबरोबर हलत होते.

"तो म्हणतोय, मुली, मी घाबरलो. तो मुलगा वाईट म्हणून नाही. लोक काय म्हणतील याला घाबरलो. गावाकडे फोन करून काय सांगू, याला घाबरलो. तू लहान असताना तुझ्यासाठी मी जगाशी भांडेन असं वाटायचं. आणि वेळ आली तेव्हा तुझ्याशीच भांडलो. तो म्हणतोय, माझं चुकलं. तो म्हणतोय, घरात तू बोलत नाहीस तर मला जेवण जात नाही."

पडद्यावर डॉन एर्नेस्तोनं एक हात उंच उचलला.

"आशीर्वाद देतोय," संजीव म्हणाला, आणि उठून जिन्यापाशी गेला. त्यानं नुपूरच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो चपलांच्या स्टँडकडे वळला. "आणि तू तिथे चपलांपाशी काय बसलास? इकडे ये, वर बस."

मालविकावहिनी आणि लिझी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. टोनीनं नाक शिंकरलं. मी चिटणीस असल्यामुळे रडलो नाही, चष्मा पुसला. या सगळ्यात एकटे आबासाहेब टीव्हीकडे बघत होते. "हाकलतोय सगळ्यांना," ते समाधानानं म्हणाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात नुपूर चहा टाकत होती. मी कप काढायच्या निमित्तानं गेलो. तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. का कोण जाणे, मला शंका आली.

"तू पायरीवर बसून काय पुटपुटायचीस ग?"

"स्पॅनिश. फोनवर शिकत होते. गॅव्हिन समोर असायचा, त्याला सोडून कुठेतरी बघायला पाहिजे ना?"

"मग शेवटी तो खरंच हेच म्हणाला?"

नुपूरनं दार लोटून घेतलं. "नाही काका. तो म्हणाला, मुली, हे चर्च माझ्या जमिनीवर बांधलेलं आहे, मोजणी पूर्ण झालेली आहे, आत्ताच्या आत्ता सगळे बाहेर व्हा. हात केला तो दाराकडे."

"आणि मातेओ?"

"मोजणी अधिकारी. पिशवीत टेप असते. पहिल्यापासून मालिका बांधाच्या भांडणाचीच आहे. आजोबा एकटे बरोबर होते."

"आणि तू इतके दिवस बोलली नाहीस?"

"तुमची गोष्ट जास्त चांगली होती," ती म्हणाली आणि चहा गाळू लागली. "आणि बाबांना तीच कळणार होती."

तर असा हा निकाल. लग्न इन्शाल्ला डिसेंबरात आहे. मंडळाच्या दप्तरात डॉन एर्नेस्तोचं भाषण संजीवच्या भाषांतराप्रमाणेच नोंदलं आहे आणि मी ते बदलणार नाही. बातमी दोह्यात पसरल्यापासून माझा फोन थांबलेला नाही. लोक आनंद व्यक्त करतात, फार पुढारलेली माणसं म्हणतात, आणि मग आवाज जरा खाली घेऊन विचारतात: लग्न नाशिकला कार्यालयात की वसईला चर्चमध्ये? मुलगी नाव बदलणार का? आणि पुढे मुलंबाळं झाली तर त्यांचं काय? वाचकहो, तुमच्याही जिभेवर यातला एखादा प्रश्न केव्हापासून आहे, हे मला कळतं. विचारा, संकोच करू नका. फक्त मघाशी इसाबेलाचं नदीपलीकडच्या मातेओशी जमत होतं, तेव्हा तुम्ही यातलं काहीही विचारल्याचं मला आठवत नाही.